मांडवी ते जुवारी: वल्ह्यांच्या होडीतून चार दिवसांच्या प्रवासाचे नियोजन

गोव्याच्या नद्यांतून वल्ह्यांच्या होडीने चार-पाच दिवसांचा प्रवास करावयाचा असेल, तर नकाशा उघडण्याआधी पंचांग उघडावे. नवखे लोक बहुधा उलटे करतात. आधी मार्ग ठरवतात, मग सुट्टीचे दिवस पाहतात, आणि पाणी त्या दिवसांत कोणत्या बाजूला वाहणार आहे हे त्यांना धक्क्यावर उभे राहिल्यावर कळते. मांडवी, जुवारी आणि त्या दोहोंना जोडणारा कुंभारजुवे कालवा ही तिन्ही पात्रे भरती-ओहोटीची आहेत. मांडवीत गांजेपर्यंत आणि जुवारीत सांग्याच्या परिसरापर्यंत समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. हे पाणी बरोबर असले तर बेताच्या ताकदीचा माणूसही सहज पंधरा किलोमीटर जातो. ते विरोधात असले तर धडधाकट माणूस दोन तास वल्ही मारून त्याच माडांसमोर राहतो.

या लेखात रायबंदरहून निघून दिवाडी बेटाच्या कडेने नार्वे, तेथून कुंभारजुवे कालव्यातून बाणस्तारी, पुढे जुवारीत उतरून दुर्भाट आणि शेवटी बोरीचा पूल ओलांडून रायतूर किंवा शिरोडा असा मार्ग गृहीत धरला आहे. रोजचे अंतर दहा ते पंधरा किलोमीटरच्या आत राहते. हा मार्ग नवख्यांसाठी निवडण्याचे कारण असे की खुल्या समुद्राशी त्याचा संबंध येत नाही, दर काही किलोमीटरवर फेरीबोटीचा धक्का किंवा गाव लागते आणि अडचण आलीच तर रस्ता जवळ असतो. पणजीहून निघण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे कॅसिनोच्या बोटी, त्यांच्याकडे ये-जा करणाऱ्या लाँच आणि सायंकाळच्या सहलींची जहाजे यांची एवढी वर्दळ असते की पहिल्याच तासात नवख्याचा धीर सुटू शकतो.

तिथी आणि पाणी

मुरगाव बंदरासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. निश्चित वेळांसाठी तेच प्रमाण मानावे. मात्र महिना आणि आठवडा निवडण्यासाठी तिथीचा हिशेब पुरेसा होतो. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास होते, आणि पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास असते. पुढच्या प्रत्येक तिथीला या वेळा सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतात. म्हणून अष्टमीला चित्र नेमके उलटे झालेले असते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. गोव्यात दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी व एक लहान असते, हेही तक्त्यात पाहून ठेवावे.

आता मार्गाची दिशा लक्षात घ्या. रायबंदरहून आपण समुद्राकडून आत, म्हणजे पूर्वेकडे जातो. भरतीचे पाणी त्याच दिशेने धावते. तेव्हा सकाळी सहा-सातला भरती सुरू होऊन दुपारपर्यंत चढत राहील असे दिवस आपल्याला हवेत, आणि ते पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे असतात. पौर्णिमेला निघावे, तृतीयेला पोहोचावे. हे उधाणाचे दिवस असल्यामुळे पाण्याला जोर असतो. उधाणात चढ-उतार सुमारे दोन मीटरचा होतो, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आगेमागच्या दिवसांत तो त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. अरुंद जागी उधाणाचा प्रवाह ताशी तीन किलोमीटरच्या घरात जातो, आणि दोघांनी भरलेली होडी स्थिर पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरच चालते. या दोन आकड्यांची बेरीज करा आणि मग वजाबाकी करा. वेळापत्रकाला एवढे महत्त्व का द्यायचे, ते त्यातच स्पष्ट होते.

काही जाणकार नवख्यांना उधाण टाळून भांगाचे दिवस सुचवतात, कारण तेव्हा प्रवाह सौम्य असतो. त्यात तथ्य आहे. तरीही माझे मत उधाणाच्या बाजूने आहे, कारण भांगाच्या दिवसांत सकाळची थंड, वाऱ्याविना असलेली वेळ ओहोटीत जाते आणि भरती दुपारच्या उन्हात व वाऱ्यात गाठावी लागते. सौम्य प्रवाहासाठी सकाळ घालवणे हा मला तोट्याचा सौदा वाटतो.

आणखी एक गोष्ट तक्ता सांगत नाही. मुरगावची वेळ ही मुखाजवळची वेळ आहे. आत जाल तसे पाणी उशिरा वळते, आणि वळल्यानंतरही काही काळ पात्राच्या मधोमध जुनाच प्रवाह चालू राहतो, तर काठाला नवा सुरू झालेला असतो. प्रत्येक मुक्कामी मासेमारी करणाऱ्या एखाद्या माणसाला ‘सकाळी भरती किती वाजता लागते?’ असे विचारावे आणि तो सांगेल ती वेळ मुरगावच्या वेळेशेजारी वहीत लिहावी. कुंभारजुवे कालव्यात तर हे विचारणे अनिवार्य आहे. तेथे दोन्ही नद्यांची भरती दोन तोंडांनी शिरते आणि प्रवाह कुठे मंदावतो, कुठे दिशा बदलतो, हे तेथील माणसालाच ठाऊक असते.

वारा

हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावा. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात नद्या फुगतात आणि गढूळ पाण्यातून झाडे-ओंडके वाहत येतात. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे, आणि पावसाळ्यात तेथे लाटा इतक्या फुटतात की खनिजवाहू बार्जदेखील त्या वाटेने न जाता कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठत आल्या आहेत. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. मार्चपासून ऊन असह्य होते आणि दुपारचा वारा जोर धरतो.

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मंद वारा येतो आणि काही दिवशी नदीवर धुके उतरते. धुक्यात निघू नये, ते विरेपर्यंत थांबावे. साधारण अकरानंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून वारा सुटतो, दुपारी तीनच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. आपली दिशा पूर्वेची असल्यामुळे तो पाठीशी असतो, ही या मार्गाची दुसरी जमेची बाजू. परंतु दुपारी बारानंतर पाणी ओहोटीला वळते आणि पश्चिमेकडे धावू लागते, तर वारा पूर्वेकडे ढकलत असतो. हे दोघे समोरासमोर आले की गुडघ्याएवढ्या पण अगदी जवळजवळच्या, उभ्या कड्याच्या लाटा उठतात. अशा लाटेत होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरीत घुसते आणि उघड्या होडीत पाणी शिरू लागते. वाऱ्याचा वेग दिसायला फारसा नसतो, म्हणून नवखा फसतो. त्यासाठी नियम एकच आहे: साडेअकराला होडी काठावर असली पाहिजे.

जुवारीत हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा. तिच्या मुखाशी पात्र सुमारे पाच किलोमीटर रुंद आहे. आपण जेथे उतरतो ती जागा बरीच आत असली तरी पश्चिमेच्या वाऱ्याला लाट वाढवायला तेवढे मोकळे पाणी मिळते, आणि कालव्याच्या अरुंद, शांत वाटेवरून आलेल्या माणसाला तो बदल एकदम जाणवतो. कॅनडातील मोठ्या सरोवरांवर वल्हवणारे लोक पहाटे निघून वारा सुटण्याआधी मोकळे पाणी ओलांडतात आणि एरवी काठ धरून चालतात. जुवारीवरही तेच करावे. पात्र ओलांडणे भाग असेल तेव्हा सर्वांत अरुंद जागा शोधावी, सर्व होड्या एकत्र आल्यावरच निघावे आणि मध्यावर छायाचित्रांसाठी थांबू नये.

माणसे, होडी आणि उलटल्यानंतरचे काम

एकट्याने जाऊ नये. किमान दोन होड्या आणि चार माणसे हवीत, आणि त्यांपैकी एकाला तरी या पाण्याची ओळख असावी. दोघांची, वर बसण्याची कायक किंवा हवाबंद कप्पे असलेली कनू, यांपैकी काहीही चालेल. निवड करावयाची असल्यास नवख्यांनी वर बसण्याची कायक घ्यावी, कारण तिच्यात पाणी साचत नाही आणि उलटली तरी ती सरळ करणे सोपे असते. कनूत सामान अधिक मावते, बसणे सुखाचे असते, पण ती पाण्याने भरली की दोघांच्या बळाने हलत नाही.

निघण्याच्या आदल्या महिन्यात किमान दोन-तीन सकाळी सरावासाठी राखून ठेवाव्यात. करंजाळे येथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तेथील प्रशिक्षणाची चौकशी करावी. सरावात सरळ वल्हवण्याइतकाच वेळ होडी मुद्दाम उलटवण्यात घालवावा. कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, हे क्रमाने करावे. होडी उलटली की पहिला हात होडीला आणि दुसरा वल्ह्याला. होडी सोडून काठाकडे पोहत निघणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण पालथी होडी तरंगत राहते आणि दुरून दिसते, पाण्यातील डोके दिसत नाही. दुसरी होडी जवळ येते आणि पालथ्या होडीच्या नाळेशी काटकोनात उभी राहते. तिच्यातील दोघे ती नाळ उचलून आपल्या होडीवर आडवी ओढतात, निम्मी वर आली की तिच्यातील पाणी आपोआप गळते, मग ती सुलटी करून पुन्हा पाण्यात सरकवतात आणि दोन्ही होड्या शेजारी-शेजारी घट्ट धरून ठेवतात. पाण्यात असलेला माणूस पलीकडच्या बाजूने पाय मारत पोट आधी होडीवर घेतो आणि मगच वळून बसतो. हे सर्व बोलून सोपे वाटते, पहिल्या वेळी दहा मिनिटे लागतात, आणि चौघांनी मिळून ते तीन मिनिटांत जमेपर्यंत निघण्याची तारीख ठरवू नये.

दोन होड्या शेजारी धरण्याची ही युक्ती एरवीही उपयोगी पडते. कुंभारजुव्यात गणेशविसर्जनाला होड्या एकमेकींना बांधून सांगोड सजवतात आणि त्यावर माणसे उभी राहून सोंगे करतात, तरी तो डगमगत नाही. वाटेत कुणाला चक्कर आली, टोपी उडाली, पट्टा सैल झाला, तर दोन्ही होड्या जोडून घ्याव्यात आणि मगच हात मोकळे करावेत.

मगरी, चिखल आणि मानशी

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. ही गोष्ट लपवून कुणालाही या प्रवासाला नेऊ नये, आणि ती ऐकून बेत रद्द करण्याचेही कारण नाही. खाऱ्या-मचूळ पाण्यात राहणाऱ्या या मगरींशी काठच्या लोकांचे नाते जुने आहे. दुर्भाट परिसरात पौषातील अमावास्येला खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधाजवळ चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात ती हीच. थंडीच्या सकाळी मगरी उन्हासाठी चिखलाच्या उतारावर येऊन पडतात, आणि आपला प्रवास नेमका त्याच ऋतूत व त्याच वेळी असतो. म्हणून कालव्यात चिखलाच्या उतारापासून दूर, पात्राच्या मध्याकडून चालावे आणि बार्ज आली की तिला वाट सोडावी. हातपाय पाण्यात सोडून बसू नये. मगर दिसली तर वल्ही न आपटता दूरच्या बाजूने पुढे सरकावे, तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही येऊ नये. काठावर मासे धुणे, उष्टे पाण्यात टाकणे वर्ज्य समजावे. पुरते उजाडण्यापूर्वी आणि दिवस मावळल्यानंतर कालव्यात होडी घालू नये. चिखलाच्या काठावर तर उतरूच नये, केवळ धक्क्यावर उतरावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मगर संरक्षित प्राणी आहे, तिला हुसकावणे हा गुन्हा आहे.

चिखलाविषयी वेगळे सांगावे लागते. उधाणाच्या ओहोटीला खारफुटीपुढे पंधरा-वीस पावलांचा काळा, गुळगुळीत पट्टा उघडा पडतो. वरून तो घट्ट वाटतो. त्यावर पाय टाकला की पोटरीपर्यंत आणि दुसरे पाऊल टाकले की मांडीपर्यंत माणूस रुततो. जो पाय उपसण्यासाठी जोर लावावा तो दुसऱ्याला आणखी खाली दाबतो आणि त्यातच चिखलातील कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारदार कडा तळपाय कापतात. आपण निघतो तेव्हा ओहोटी नुकतीच संपलेली असते, त्यामुळे निघण्याची जागा अशी हवी की पाणी पूर्ण उतरले तरी तेथून होडी तरंगेल. फेरीबोटीचे उतरते धक्के नेमके यासाठी बांधलेले असतात. तेथून निघावे, तेथेच लागावे, मात्र फेरीबोट येण्या-जाण्याच्या मधल्या वेळेत आणि धक्क्याची एक कड धरून. चिखलात रुतलेच, तर उभे राहण्याचा हट्ट सोडावा, होडीवर किंवा वल्ह्यावर छाती टेकून वजन पसरावे आणि पाय एकेक करून सावकाश सोडवावा.

खाजनाच्या बांधांना जेथे मानस आहे, म्हणजे शेतातील पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, तेथे ओहोटीला पाणी जोराने बाहेर पडते आणि तोंडाशी मासे धरण्यासाठी जाळे लावलेले असते. मानशीपासून तीस-चाळीस हात दूर राहावे. पात्रात खुंट ठोकून लावलेली जाळीही असतात. खुंटांची ओळ दिसली की तिच्या टोकाला वळसा घालावा, मधून जाऊ नये. प्रवाह होडीला खुंटावर आडवी दाबतो आणि ती क्षणात उलटते. शिवाय ते जाळे कुणाच्या तरी पोटाचे साधन आहे.

मोठ्या बोटींच्या वाटेत

राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ नुसार मांडवी हा ६८ वा, जुवारी १११ वा आणि कुंभारजुवे कालवा २७ वा राष्ट्रीय जलमार्ग आहे. म्हणजे या पाण्यावर पहिला व्यवहार वाहतुकीचा आहे. भरलेली बार्ज लवकर थांबत नाही, लवकर वळत नाही आणि तिच्या चालकाला नाळेपुढचे बरेच पाणी दिसत नाही. तिच्यासाठी खोल पाणी मोकळे सोडून काठाकडे व्हावे, ती गेल्यावर लाट येते तेव्हा नाळ लाटेकडे करून वल्ही पाण्यातच ठेवावीत. वल्हे पाण्यात असले की होडी स्थिर राहते. वळणावर बार्ज आली तर ती आतल्या कडेला घसरते की बाहेरच्या, याचा अंदाज बांधत बसू नये, काठ गाठून ती जाईपर्यंत थांबावे. फेरीबोटीच्या पुढून कधीही जाऊ नये, मागून जावे.

सामान

कॅनडातील सरोवरांवरच्या आणि आपल्या प्रवासात एक मूलभूत फरक आहे. तेथे नदी-सरोवराचे पाणी गाळून, उकळून पिता येते, आपल्याकडे ते खारे असते आणि उकळून काहीही साधत नाही. माणशी दिवसाला चार ते पाच लिटर पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे आणि प्रत्येक मुक्कामी कॅन भरून घ्यावेत. हेच सर्वांत जड सामान असल्यामुळे कॅन होडीच्या मध्यभागी, तळाला आणि दोरीने बांधून ठेवावेत. होडी पिछाडीला किंचित जड असली तर सरळ चालते, नाळेला जड झाली तर वाऱ्यात फिरत राहते.

बाकीचे सामान कमी असावे: अंगावर कायम घातलेले लाइफ जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी, प्रत्येक होडीत एक जादा वल्हे, पाणी उपसण्यासाठी कापलेला प्लास्टिकचा डबा, पंधरा मीटर दोर, जाड तळव्याची बंद पादत्राणे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, जखमेसाठी जंतुनाशक आणि पट्ट्या, क्षार-साखरेची पाकिटे, जलरोधक पिशवीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन आणि नकाशाची कागदी प्रत. खाण्याला सकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, ताजे पोये (गोव्याचे पाव), उकडलेली अंडी, केळी, चणे-गूळ, शेंगदाण्याचे लाडू पुरतात. दुपारचे जेवण मुक्कामाच्या गावी होते. चूल-भांडी नेण्याची गरज या मार्गावर नाही. कचरा मात्र सगळा परत न्यावा.

परवानगी आणि मुक्काम

निघण्यापूर्वी बंदर कप्तान खात्याकडे मार्ग, तारखा, माणसांची व होड्यांची संख्या लेखी कळवावी आणि लागू असलेले नियम विचारून घ्यावेत. चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात शिरावयाचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते. हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे असले तरी त्याच्या खारफुटीतील वाटा भरतीशिवाय आत-बाहेर करता येत नाहीत. म्हणून ते या प्रवासात न गोवता एखादी स्वतंत्र सकाळ त्याला द्यावी.

मुक्कामासाठी तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. काठाला एकतर खारफुटी आहे, नाहीतर खाजनाचे बांध, आणि ते बांध गावच्या शेतीचे आहेत. रात्री मगरींचा वावर असतो ते वेगळेच. नार्वे, कुंभारजुवे-माशेल आणि दुर्भाट-फोंडा परिसरात राहण्याची सोय आधी ठरवून ठेवावी. होड्या मात्र धक्क्याजवळ कुणाच्या तरी अंगणात ठेवाव्या लागतात. त्यासाठी आदल्या रविवारी दुचाकीवरून सगळ्या मुक्कामांची एक फेरी मारावी, घरमालकांना भेटावे, धक्का ओहोटीच्या वेळी स्वतः पाहावा. या फेरीत जेवढे कळते तेवढे कोणत्याही नकाशातून कळत नाही.

किनाऱ्यावर एक विश्वासू माणूस नेमावा. त्याच्याकडे वेळापत्रकाची प्रत असावी, रोज पोहोचल्यावर त्याला फोन करावा, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्याने काय करावे हे लिहून द्यावे. आपत्काळात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि लाइफ जॅकेटच्या खिशातल्या कागदावर असावेत.

चार दिवसांचा क्रम

पौर्णिमेला सकाळी सातच्या सुमारास रायबंदरच्या धक्क्यावरून निघावे. पाणी नुकतेच चढू लागलेले असते. पहिला अर्धा तास सावकाश वल्हवावे, सामान सरकते का, होडी एका बाजूला कलते का ते पाहावे आणि जुने गोव्याच्या धक्क्यावर थांबून ते दुरुस्त करावे. पुढे दिवाडीच्या कडेने कोकण रेल्वेचा पूल डोक्यावरून जातो. पुलाच्या खांबांभोवती पाणी भोवरे घेते, त्यामुळे दोन खांबांच्या मधोमध, न थांबता, सरळ जावे. नार्व्याला साडेदहा-अकराला पोहोचता येते. दुपार मोकळी असते. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर येथेच आहे.

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तासाने उशिरा लागते, शिवाय आपण आत आलेलो असतो, म्हणून आठच्या आधी निघण्यात अर्थ नाही. दिवाडीच्या पूर्वेकडून कुंभारजुव्याकडे वळून कालव्यात शिरावे आणि चढत्या पाण्याबरोबर बाणस्तारीपर्यंत जावे. कालव्याची पहिली ओळख या छोट्या टप्प्यात व्हावी, हाच येथे थांबण्याचा हेतू आहे.

तिसरा दिवस नियोजनाची खरी परीक्षा घेतो. बाणस्तारीहून जुवारीकडचा कालवा लांब आहे, आणि दक्षिणेकडे जाताना साधारणपणे उतरते पाणी साथ देते. द्वितीयेला ओहोटी आठ-साडेआठच्या सुमारास संपते. तेव्हा पुरते उजाडताच निघून ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यावर खाली उतरावे. जुवारीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत पाणी थांबलेले असते. तेथे काठाला थांबून पाणी प्यावे, वारा पाहावा, आणि नदीची भरती लागली की डाव्या, म्हणजे मडकईच्या बाजूचा काठ धरून तिच्याबरोबर दुर्भाटपर्यंत वर जावे. हा बेत एका तासाने चुकला तर तोंडाशी वारा गाठतो. म्हणून बाणस्तारीहून निघायला आठ वाजले तर त्या दिवशी निघूच नये, दिवस मुक्कामात घालवावा. वेळापत्रकात एक रिकामा दिवस पहिल्यापासून ठेवावा, तो यासाठीच.

चौथ्या दिवशी दुर्भाटहून बोरीचा पूल आणि पुढे रायतूर-शिरोडा हा टप्पा सोपा आहे. पात्र अरुंद होत जाते, वारा अडतो, भरती दुपारपर्यंत चालू असते. ज्यांना अधिक जावेसे वाटेल त्यांनी त्याच भरतीवर आणखी वर जावे, मात्र परतीची गाडी कोणत्या धक्क्यावर येणार आहे हे आदल्या रात्री ठरलेले असावे.

परत फिरण्याचा निर्णय कुणी घ्यायचा हेही निघण्याआधी ठरवावे. चौघांपैकी कुणा एकालाही आजचे पाणी नको वाटले, तर त्या दिवशी होड्या पाण्यात घालू नयेत आणि त्याला कारण विचारू नये. वाटेत समोर पांढऱ्या फेसाच्या लाटा दिसू लागल्या, एखाद्याचे बोलणे थांबले, वल्ही एकमेकांवर आपटू लागली किंवा दोन होड्यांमधील अंतर शिट्टी ऐकू येण्यापलीकडे गेले, तर जवळचा धक्का गाठून तेथेच दिवस संपवावा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करून गाडी बोलावावी.